मुलगा दर शनिवारी फिरायला जातोय, थांबवू का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही तासगावचे. मुलगा ऑक्टोबरात मेकॅनिकलच्या एमएससाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला. द्राक्षबागेच्या जिवावर आणि बँकेच्या कर्जावर सगळं उभं केलंय. दर आठवड्याला त्याच्या स्टेटसला कुठले ना कुठले फोटो दिसतात. आणि साडेतीन महिन्यांत तीन प्रकार झाले. कॉलेजला जाताना लोकल गाडीत ६० युरो दंड. मग एका रात्री खोलीचं दार बाहेरून बंद झालं आणि कुलूप उघडणाऱ्यानं साडेतीनशे युरो घेतले. आणि आता गेल्या रविवारी फिरून परत येताना गाडीत पाकीट राहिलं, त्यात बँकेचं कार्ड आणि तिथल्या वास्तव्याचं कार्ड. यातलं काहीच त्यानं सांगितलं नाही, भाच्याकडून कळलं. तुम्ही विचारता, "फिरणं बंद कर म्हणून ठणकावून सांगू का?"

नका सांगू. का ते नीट सांगते. उत्तर लांबेल, पण तुमचा जीव वरखाली होतोय हे प्रश्नातून दिसतंय.

मी मूळची मिरजेची. २००७ ते २००९ जर्मनीत शिकले. त्यातलं दीड वर्ष वसतिगृहात ट्यूटर होते, म्हणजे नव्यानं आलेल्या परदेशी मुलांच्या अडचणी रात्री-अपरात्री माझ्या दारावर टकटक करून यायच्या. नंतर तिकडे काही वर्षं नोकरी केली. आता बरीच वर्षं सांगलीत विश्रामबागला जर्मन शिकवते आणि जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेते. त्यामुळे तुमच्या मुलासारखी मुलं मी दोन्ही टोकांनी पाहिली आहेत, इथून निघतानाही आणि तिथे पोचल्यावरही.

तुमच्या तीन प्रकारांपैकी फिरताना झालेला एकच आहे, पाकिटाचा. दंड कॉलेजच्या वाटेवर झाला आणि दार घरात बंद झालं. म्हणजे फिरणं बंद केलं तरी तिनांतले दोन प्रकार झालेच असते. मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात टोचलेलं वाक्य वेगळंच आहे: "भाच्याकडून कळलं." ट्यूटर असताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं की त्याच दिवशी कुणाला तरी सांगितलेली अडचण थोडक्या पैशांत मिटते आणि महिनाभर लपवलेली अडचण महिन्याचा खर्च खाते. तिकडचा सगळा कारभार पत्रांवर आणि मुदतींवर चालतो. मुदत गेली की रक्कम वाढते. मुलगा घाबरून गप्प बसला की मुदत हमखास जाते.

दंडाचंच बघा. जर्मनीत विनातिकीट सापडलं की ६० युरो. पण तुमच्या मुलाकडे तिकीट नव्हतं, असं मला वाटत नाही. तिकडे २०२३ च्या मे महिन्यापासून 'डॉइचलँड तिकीट' नावाचा मासिक पास आहे. तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ चा झाला आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ चा. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तो सुमारे ६० टक्के किमतीत मिळतो, बहुतेकांकडे असतोच. पास मोबाइलमध्ये असतो. बॅटरी गेली किंवा ओळखपत्र जवळ नसलं, तर तपासनीस ६० युरोंची पावती फाडतो. पण पास तुमच्या नावावर असेल आणि त्या क्षणी दाखवता आला नसेल, तर पावतीवर लिहिलेल्या मुदतीत जाऊन किंवा ऑनलाइन तो दाखवायचा. मग ६० ऐवजी साधारण ७ युरो भरून विषय संपतो. हे पावतीच्या मागे बारीक जर्मनमध्ये लिहिलेलं असतं. माझ्याकडे वेळेत दार वाजवून आलेल्या मुलांचं थोडक्यात मिटलं. जी दोन महिन्यांनी वसुलीचं पत्र घेऊन आली त्यांची रक्कम कितीतरी वाढलेली असायची. तेव्हा त्याला एवढंच विचारा, "तिकीट नव्हतं की दाखवता आलं नाही?" आवाज न चढवता विचारा.

आता तो का फिरतो, याबद्दल. आपल्याला इथे बसून वाटतं की पोरगं मजा करतंय. तिकडचा रविवार कसा असतो, ते मी सांगते. दुकानं कायद्यानंच बंद. किराणा नाही, भाजी नाही. मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान आणि सकाळी काही तास बेकरी, एवढंच उघडं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात चाकांच्या बॅगांचा खडखडाट होतो, कारण जर्मन मुलं आपापल्या घरी जातात. रविवारी सबंध मजल्यावर दोन-तीन परदेशी मुलं उरतात. डिसेंबरात साडेचारला अंधार. जो मुलगा तासगावात रविवारी सकाळी मंडईत, दुपारी चुलत्याकडे आणि संध्याकाळी मित्रांबरोबर गाडीवर असायचा, त्यानं त्या खोलीत दोन दिवस काय करायचं? मला फिरणाऱ्या मुलांची काळजी कधीच फार वाटली नाही. जी मुलं शुक्रवारी खोलीत शिरायची आणि सोमवारीच दिसायची, त्यांची दारं मी स्वतः वाजवायचे.

शिवाय खर्चाचा हिशेब तुम्हाला वाटतो तसा नाही. त्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, वर्षाचे ११,९०४. एका युरोला शंभर रुपये धरले तर महिना लाखाच्या आसपास. त्यात खोली, विमा, जेवण सगळं बसवायचं. पास त्यानं कॉलेजसाठी काढलेलाच असणार आणि तो सबंध देशातल्या साध्या गाड्यांना, ट्रामला, बसला चालतो. म्हणजे शनिवारी सकाळी पोळी-चटणीचा डबा घेऊन उल्मला जाऊन आला तर प्रवासाचा वेगळा खर्च शून्य. स्टुटगार्टहून साध्या गाडीनं तासाभराचं अंतर. तिथल्या चर्चचं शिखर १६१ मीटर उंच आहे, त्याला ७६८ पायऱ्या आहेत. आइन्स्टाइनचा जन्म त्याच गावातला. ट्युबिंगन तर त्याहून जवळ. पैसा जातो तो रात्रीच्या मुक्कामात, वेगवान गाड्यांत आणि "सगळे चाललेत म्हणून मीही" या बेतांत. वेगवान आयसीई गाडीला हा पास चालत नाही, हे न कळल्यामुळेही पुष्कळ मुलांना दंड होतो. दिवसाला जाऊन येणं आणि तीन दिवस पॅरिसला राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेटसवर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

अर्थात काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. आत्ता फेब्रुवारी आहे, म्हणजे त्यांच्या परीक्षांचे दिवस. तिथे परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि नापास झाल्यावर किती वेळा बसता येईल याला मर्यादा असते. ती विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे बदलते. नोंदणी झाली असेल, अभ्यास चालू असेल, तर एखादा रविवार बाहेर गेला म्हणून बिघडत नाही. नोंदणीच राहिली असेल तर प्रश्न फिरण्याच्या पलीकडचा आहे आणि त्यावर शांतपणे बोलायला हवं. तो कुणाबरोबर जातो, यावरही बरंच अवलंबून आहे. चार जणांचा गट असेल तर माझी हरकत नाही. एकटाच दर आठवड्याला लांब लांब जात असेल तर त्याला कुणी सोबती मिळाले नाहीत, असं मी समजेन.

आता पाकीट. हे सगळ्यात निकडीचं आहे, म्हणून सविस्तर सांगते. आज रात्रीच त्याच्याशी बोला.

बँकेचं कार्ड ११६ ११६ या नंबरावर फोन करून बंद करता येतं, चोवीस तास. वास्तव्याच्या कार्डात जी ऑनलाइन ओळखीची सोय असते, तीही त्याच नंबरावर बंद होते. त्यासाठी कार्डाबरोबर आलेल्या पत्रातला एक शब्द सांगावा लागतो. पुष्कळ मुलं ते पत्र फेकून देतात. त्यानं ठेवलंय का, विचारा. मग पोलिसांत हरवल्याची नोंद, ती बऱ्याच राज्यांत ऑनलाइनही होते. ती नोंद घेऊन परदेशी नागरिकांच्या कार्यालयात नव्या कार्डाचा अर्ज. त्यांची अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात, म्हणून ईमेल आजच गेलेला बरा. आरोग्य विम्याचं कार्ड पाकिटात असेल तर विमा कंपनीलाही कळवायचं, ते नवीन पाठवतात.

याच्याच जोडीनं रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या पानावर आणि गावच्या फुंडब्युरोत, म्हणजे सापडलेल्या वस्तूंच्या कार्यालयात, नोंद करायची. पाकिटाचा रंग, आत काय होतं, कुठली गाडी, किती वाजता, हे सगळं लिहायचं. तिकडे लोक सापडलेली वस्तू आणून देतात. माझ्या वेळच्या एका मुलाची अख्खी सॅक अकरा दिवसांनी कार्ल्सरुहला मिळाली, आतल्या भडंगाच्या पुड्यासकट. पण नोंद केली असेल तरच कुणी तुम्हाला शोधणार.

आणि एक फार महत्त्वाचं. नवं कार्ड हातात येईपर्यंत त्यानं जर्मनीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. लग्नकार्यासाठी किंवा पाडव्याला बोलवायचा बेत असेल तर तिकीट काढू नका. पासपोर्ट जवळ असला तरी कार्डाशिवाय परत आत जाताना अडकेल. नशीब म्हणजे पासपोर्ट खोलीत होता. तो गेला असता तर पोलिसांची नोंद घेऊन आपल्या वकिलातीत नव्या पासपोर्टचा अर्ज करावा लागला असता. स्टुटगार्टकडच्या मुलांचं ते काम म्युनिकच्या आपल्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. तिथून तातडीचा म्हणून मिळणारा कागद फक्त भारतात परतण्यापुरता असतो, त्यावर तिकडे राहता येत नाही. हरवल्याची नोंद झाल्यावर तोच पासपोर्ट सापडला, तरी त्यावर प्रवास करायचा नसतो, कारण तो रद्द झालेला असतो. एका मुलीला सापडल्याच्या आनंदात हे सुचलं नाही आणि तिला विमानतळावरून परत यावं लागलं.

कार्ड आल्यावर शेजारच्या देशांत जायला हरकत नाही. जर्मनीच्या वास्तव्याच्या परवान्यावर शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. फ्रान्स, ऑस्ट्रिया, चेक, स्वित्झर्लंड सगळं त्यात आलं. इंग्लंड आणि आयर्लंड नाही, त्यांचा व्हिसा वेगळा. पण मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड दोन्ही जवळ हवीत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला दुपारचं जेवून ट्रामनं परत येणाऱ्या मुलालाही विचारू शकतात. मग कागद सांभाळायचे कसे? मी मुलांना शर्टाच्या आतून बांधायची कापडी पिशवी घ्यायला लावते आणि बँकेचं दुसरं कार्ड खोलीतच ठेवायला लावते. पाकिटात एकच कार्ड आणि वीस युरो.

दाराचं सांगते, कारण साडेतीनशे युरो गेले याचं मला खरंच वाईट वाटतं. तिकडच्या दाराला बाहेरून फिरवायची मूठ नसते. दार नुसतं ओढलं तरी बंद होतं. कचरा टाकायला चपला घालून दोन मिनिटं बाहेर गेलं आणि वाऱ्यानं दार लागलं की चावी आत, मुलगा बाहेर. आपल्याकडे दारं दिवसभर सताड उघडी, त्यामुळे आपल्या मुलांना ही सवयच नसते. रात्री इंटरनेटवर शोधून पहिल्या आलेल्या नंबरावर फोन केला की हा आकडा होतो. तिथली ग्राहक संस्था आणि पोलीससुद्धा अशा लोकांपासून सावध राहायला सांगतात. आधी हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या माणसाला फोन करायचा. तो रात्री भेटला नाही तर मित्राच्या खोलीत झोपून सकाळी विचारायचं. कुलूपवाला बोलवावाच लागला तर गावातलाच बोलवायचा, फोनवरच सगळी मिळून किंमत ठरवून घ्यायची आणि पावतीशिवाय रोख द्यायचे नाहीत. चावी न फिरवता नुसतं ओढलं गेलेलं दार माहितगार माणूस काही मिनिटांत, काहीही न फोडता उघडतो. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दुसरी चावी विश्वासातल्या मित्राकडे ठेवणं.

चावी आत राहण्यापेक्षा चावी हरवणं कितीतरी महाग पडतं. वसतिगृहात एकच चावी खोलीला, मुख्य दाराला आणि तळघराला लागते. ती हरवली तर मालक सगळी कुलपं बदलायचा खर्च मागू शकतो, तो हजारोंत जातो. म्हणून मी प्रत्येक मुलाला हाफ्टफ्लिख्ट नावाचा विमा घ्यायलाच लावते. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई करतो, आणि महिन्याला काही युरोंचाच असतो. घेताना त्यात दुसऱ्याची चावी हरवण्याचं कलम आहे का, तेवढं बघायचं. जर्मन लोकांत हा विमा जवळजवळ घरटी असतो. आपली मुलं "विमा काढलाय की" म्हणतात, तो आरोग्याचा असतो, हा वेगळा.

फोडणीचंही सांगून टाकते, कारण आपल्याच मुलांच्या बाबतीत हे जास्त होतं. मोहरी तडतडली, मिरची पडली, धूर झाला. मुलगा काय करतो? घुसमटतं म्हणून स्वयंपाकघराचं दार व्हरांड्याच्या बाजूला उघडतो. बऱ्याच वसतिगृहांत अग्निशमन दलाला जोडलेली यंत्रणा त्या व्हरांड्यातच असते. दहा मिनिटांत बंब हजर, सबंध इमारत रस्त्यावर, आणि कधीकधी त्याचं बिल मुलाच्या नावावर. माझ्या इमारतीत एका रविवारी संध्याकाळी असं झालं. तो बिचारा कढई हातात घेऊनच खाली आला होता. दार बंद, खिडकी सताड उघडी, आच मंद आणि फोडणीवर झाकण, एवढं त्याला सांगा. आमटी तितकीच चांगली होते.

आतापर्यंतचं सगळं पैशांचं आणि मनस्तापाचं झालं, ते निभावतं. पुढच्या तीन गोष्टींत मात्र मी कडक आहे आणि तुम्हीही कडक राहा. या चुकांत माणूस जातो.

पहिली गोष्ट पाणी. कृष्णेत पोहायला शिकलेल्या मुलांना वाटतं की आपल्याला नदी कळते. हरिपूरच्या संगमावर वाढलेला एक मुलगा माझ्याशी यावरून वाद घालायचा. मे महिन्यात तिकडे ऊन कडक असतं, पण नदीत बर्फ वितळलेलं पाणी असतं. त्या थंडीनं पहिल्या मिनिटातच श्वास अडकतो, हातपाय ऐकत नाहीत, चांगल्या पोहणाऱ्याचेही. ऱ्हाइनमध्ये मालवाहू बोटी जातात, त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. वरून प्रवाह संथ दिसतो. सांगलीत आयर्विन पुलावरून पुराचं पाणी पाहिलेल्या माणसाला संथ दिसणारं पाणी काय करतं हे मी सांगायला नको. नेमलेल्या जागी, जीवरक्षक असेल तिथेच उतरायचं.

दुसरी गोष्ट डोंगर. अजिंक्यतारा, सज्जनगड स्पोर्ट शूजवर चढलेली मुलं आल्प्सलाही तसंच जातात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर त्सुगश्पित्से २९६२ मीटर. खाली फुलं असतात तेव्हाही वरच्या वाटांवर बर्फ असतो, जूनमध्येसुद्धा. दुपारी ढग उतरतात आणि वाट दिसेनाशी होते. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, वाट उघडी आहे का याची चौकशी, आणि दोन वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं. ११२ हा नंबर युरोपात सगळीकडे चालतो, ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीसाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरसाठी १४१४.

यातच विम्याची एक खोच आहे, ती जाणकार मुलांनाही माहीत नसते. जर्मन सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपभर चालणारं कार्ड छापलेलं असतं. पण भारतीय नागरिकाला ते स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाइन, डेन्मार्क, नॉर्वे आणि आइसलँडमध्ये चालत नाही. शेजारी बसलेल्या जर्मन मित्राला चालतं. स्टुटगार्टच्या मुलांचा स्वित्झर्लंडला ओढा असतो, आणि तिथे पाय मोडला तर बिल थेट त्याच्या हातात. वर्षाचा वेगळा प्रवासी आरोग्य विमा घ्यायला लावा, तोही फार महाग नसतो. तसंच स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं फुकट रोमिंग तिथे सगळ्या कंपन्या देत नाहीत. सीमेवरच्या कॉन्स्टान्झला तळ्याकाठी उभं राहिलं तरी मोबाइल सीमेपलीकडचं नेटवर्क पकडतो. तिथे डेटा रोमिंग बंद ठेवायचं.

तिसरी गोष्ट भाड्याची गाडी. आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. ऑक्टोबरात गेला म्हणजे एप्रिलमध्ये संपणार. त्यानंतर गाडी चालवली तर तो विनापरवाना चालवण्याचा गुन्हा होतो, दंडावर भागत नाही. अपघात झाला तर विमा हात वर करतो आणि पुढच्या व्हिसाच्या वेळीही ते आडवं येतं. ईस्टरच्या सुट्टीत चार मुलं मिळून गाडी घेऊन निघतात, तेव्हाच हे घडतं. "मला येते की चालवायला" हे उत्तर त्याच्याकडून आलं तर तिथे तुम्ही वडील म्हणून आवाज चढवला तरी मी तुमच्या बाजूनं आहे.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. २००८ च्या मे महिन्यात म्युनिकहून टेगर्नझे नावाच्या तळ्याला निघाले. फलाटावर नाव वाचलं आणि गाडीत बसले. मिरज जंक्शनला वाढलेली मी, गाड्या मला नवीन नव्हत्या. पण ती गाडी वाटेत होल्त्झकिर्शेनला दुभंगते. पुढचे डबे एकीकडे आणि मागचे दुसरीकडे जातात. मी चुकीच्या अर्ध्यात बसले होते. शेवटच्या स्टेशनला उतरले तेव्हा समोर तळं नव्हतं, नुसते डोंगर होते, आणि माझी जर्मन जेमतेम. फलाटावर रडू आलं. मग तिकीट तपासणाऱ्या बाईंना तुटक्या शब्दांत विचारलं. त्यांनी कागदावर परतीच्या दोन गाड्या लिहून दिल्या आणि पैसे मागितले नाहीत. रात्री आठला बाबांना फोन केला, घाबरतच. त्यांना म्हटलं, आज चुकले. ते म्हणाले, "मग परत कशी आलीस ते सांग." एवढंच विचारलं. त्यानंतर दोन वर्षांत मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. त्या दिवसानंतर डब्याच्या दारावरचं नाव वाचल्याशिवाय मी कुठल्या गाडीत चढलेही नाही.

म्हणून पुढचा फोन कराल तेव्हा आधी पाकिटाचं कुठवर आलं ते विचारा, भाच्याचं नाव काढू नका. मग खोलीत न उघडलेली पत्रं किती पडली आहेत ते विचारा आणि सगळ्यांचे फोटो काढून त्याच्या एखाद्या जर्मन येणाऱ्या मित्राला दाखवायला सांगा. पिवळ्या पाकिटातलं पत्र असेल तर ते त्याच दिवशी, कारण ते टपालपेटीत पडल्याची तारीख वर लिहिलेली असते आणि हरकत घ्यायची मुदत बहुधा दोनच आठवड्यांची असते. महिन्याला १८.३६ युरोंचं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही त्यात हमखास असेल. ती घरटी एकदाच असते, एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांनी वाटून भरायची.

आणि फिरायला निघताना त्यानं तुम्हाला तीन ओळी पाठवायच्या, असं ठरवून टाका: कुठे चाललोय, कोण कोण आहे, कितीची शेवटची गाडी. परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. माझ्याकडून गेलेली मुलं हे करतात आणि त्यांच्या आया रात्री झोपतात.

फोनची वेळ रविवारी आपल्या दुपारी चारची ठेवा. सध्या ते आपल्या साडेचार तास मागे आहेत, म्हणजे त्याच्याकडे साडेअकरा वाजलेले असतात, उठून आवरून बसलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातील, तेव्हापासून तुमचा चारचा फोन त्याला साडेबाराला पोचेल. त्या दिवशी तो बाहेर जाणार असेल तर सकाळची गाडी चुकू नये म्हणून आदल्या रात्री त्याला आठवण करा. आणि फोन लागला नाही तर अर्धा तास थांबून परत लावा. श्वार्त्सवाल्डच्या, म्हणजे तिकडच्या ब्लॅक फॉरेस्ट डोंगराच्या, बोगद्यांत नेटवर्क जातं.